वापरल्याने सुधारणारे यंत्र

कोणतेही यंत्र वापरले की झिजते, हा आपला रोजचा अनुभव आहे. सायकलची साखळी सैल पडते, पिठाच्या गिरणीचा पट्टा चिरतो, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रातले चामडी रूळ झिजून बदलावे लागतात. म्हणूनच यंत्र जपून वापरावे, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. परंतु एक यंत्र असे आहे की ते वापरले तर सुधारते आणि नुसते ठेवून दिले तर बिघडते. ते विकत घ्यावे लागत नाही आणि त्याचे सुटे भागही बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. हे यंत्र म्हणजे आपले शरीर.

आमचा घाटंजी तालुका कापूस-तुरीचा. येथील मागच्या पिढीला चालणे हा वेगळा व्यायाम वाटत नसे. शेतावर जायचे ते पायी, आठवडी बाजाराला यायचे ते पायी, पाणी आणायचे तेही डोक्यावरून. आज दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून साखर आणायची तरी मोटरसायकलला किक बसते. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण कष्टांबरोबर हालचालही गेली, आणि हालचाल गेल्याची किंमत शरीर निमूटपणे मोजत राहते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात आहे. मधुमेहाला आनुवंशिकता, आहार अशी इतर कारणेही असतात. तथापि बैठे जीवन हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे.

तेव्हा या यंत्राची नीट ओळख करून घेऊ. त्यासाठी एक जिना, एक सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि थोडे गणित एवढे साहित्य पुरे.

जिन्यावरचे कार्य

समजा, तुमच्या शाळेच्या जिन्याला २४ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे वरच्या मजल्याची उंची झाली ३.६ मीटर. तुमचे वस्तुमान ४० किलोग्रॅम धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच.

कार्य = ४० × ९.८ × ३.६ = सुमारे १,४०० जूल.

हा जिना तुम्ही ८ सेकंदांत चढलात, तर तुमची शक्ती १,४०० ÷ ८ = १७५ वॅट झाली. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे त्या आठ सेकंदांपुरते तुम्ही जवळजवळ पाव घोड्याचे काम केले! तोच जिना १६ सेकंदांत चढलात तर कार्य तेवढेच राहील, पण शक्ती निम्मी होईल. कार्य आणि शक्ती यांतील फरक येथे पायांनाच कळतो. धाप लागते ती शक्ती वाढली म्हणून.

परंतु १,४०० जूल कार्य करण्यासाठी शरीराला तेवढीच ऊर्जा खर्च करून भागत नाही. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा अशा कार्यात बदलू शकतात. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे जिना चढण्यासाठी खरा खर्च आला सुमारे ५,६०० जूल. अन्नाची ऊर्जा आपण किलोकॅलरीत मोजतो आणि १ किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ जूल. तेव्हा एकदा जिना चढायला लागल्या सुमारे १.३ किलोकॅलरी.

आता चहातला एक चमचा साखर घेऊ. साखर ५ ग्रॅम असेल तर तिच्यात सुमारे २० किलोकॅलरी ऊर्जा असते. भागाकार करून पाहा. एका चमचा साखरेचा हिशेब चुकता करायला तुम्हांला तो जिना पंधरा वेळा चढावा लागेल!

हिशेबातले कोडे

हे उत्तर पाहून अनेकजण निराश होतात. एवढ्याशा साखरेसाठी पंधरा वेळा जिना, मग व्यायाम करून उपयोग काय? चार दिवस पळून वजन तसूभर हलले नाही म्हणून व्यायाम सोडून देणारे लोक तुम्हांला गल्लोगल्ली भेटतील.

त्यांचे गणित बरोबर आहे, प्रश्न मात्र चुकला आहे. त्यांनी शरीर म्हणजे केवळ इंधन जाळणारी शेगडी असे धरले. शेगडीत लाकडे कितीही जाळली तरी शेगडी आहे तशीच राहते. शरीराचे तसे नाही. जिना चढताना जळलेल्या १.३ किलोकॅलरी ही किरकोळ बाब आहे. खरी घटना त्यानंतर घडते. काम करताना स्नायूंवर जो ताण पडला त्याची नोंद पेशी घेतात आणि पुढच्या वेळी तो ताण सोपा जावा म्हणून विश्रांतीच्या काळात स्वतःची बांधणी बदलतात. प्रत्येक स्नायुपेशीत ऊर्जा निर्माण करणारे अतिसूक्ष्म घटक असतात; त्यांना तंतुकणिका म्हणतात. काही आठवडे नियमाने चालले-पळले की त्यांची संख्या आणि आकारमान वाढते. स्नायूंना रक्त पोहोचविणाऱ्या केशवाहिन्या वाढतात. रक्तातील साखर ओढून घेण्याची स्नायूंची क्षमता सुधारते. मधुमेह टाळण्याच्या दृष्टीने व्यायामाचे महत्त्व आहे ते विशेषतः यामुळेच.

हाडेही याला अपवाद नाहीत. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाडाची अंतर्रचना बळकट होते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. हाडांतील खनिजांची बहुतेक भर विशीच्या आतच पडते आणि पुढे आयुष्यभर आपण त्याच शिलकीवर जगतो. म्हणून उड्या मारण्याचे, दोरीवर नाचण्याचे, लंगडी-खोखो खेळण्याचे वय हे खरोखर बचतीचे वय आहे. आपल्याकडे आठवी-नववीत गेल्यावर पुष्कळ मुलींचे खेळणे थांबते. हाडांच्या हिशेबाने पाहिले तर भरणा करण्याच्या ऐन दिवसांतच खिडकी बंद केल्यासारखे ते आहे.

छातीतला पंप

या बदलांचा सर्वांत सोपा पुरावा तुमच्या मनगटावर आहे. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि दर वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार केला तर मिनिटाला ५ लिटर रक्त होते. नियमित व्यायामाने हृदयाचा डावा कप्पा मोठा व जोरकस होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतो. समजा तो ८४ मिलिलिटर ढकलू लागला, तर तेच ५ लिटर रक्त ६० ठोक्यांत पुरवले जाईल. दिवसाचे गणित करा. ७२ च्या गतीने १,०३,६८० ठोके होतात, ६० च्या गतीने ८६,४००. रोज सतरा हजारांहून अधिक ठोक्यांची बचत!

या पंपाचे कार्यही काढता येते. रक्ताचा सरासरी दाब सुमारे १३,३०० पास्कल असतो. त्याला ७० मिलिलिटर, म्हणजे ०.००००७ घनमीटर या घनफळाने गुणले की उत्तर येते ०.९३ जूल. म्हणजे एका ठोक्याचे कार्य जवळजवळ एक जूल. १०० ग्रॅमचे वजन जमिनीपासून एक मीटर उचलण्याएवढेच ते आहे. पण थेंबे थेंबे तळे साचते. दिवसभरात हे कार्य सुमारे ९६,००० जूल भरते. तेवढ्या कार्यात ४० किलोच्या मुलाला २४५ मीटर उंच उचलता येईल, म्हणजे कुतुबमिनाराच्या तिपटीहूनही अधिक उंच! थोडे थोडे आणि अखंड, याचे याहून चांगले उदाहरण निसर्गात शोधावे लागेल.

बसचालक आणि बसवाहक

व्यायामाने आरोग्य सुधारते, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याला पुरावा लागतो हेच विसरतो. हा पुरावा प्रथम ज्यांनी चिकाटीने जमविला त्यांत लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांचे नाव अग्रभागी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढत होते. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांची तुलना केली. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण सारख्या परिस्थितीत काम करीत. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी वरच्या मजल्यावर जिना चढउतर करी. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वाहकांमध्ये हृदयविकार कमी आणि सौम्य असल्याचे दिसले. पुढे त्यांनी पायी व सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे टपाल कर्मचारी यांची तुलना केली. तेथेही चित्र तसेच होते.

पण खरा शास्त्रज्ञ येथे थांबत नाही. कदाचित मुळातच जाड असलेली माणसे चालकाची नोकरी धरत असतील आणि सडपातळ माणसे वाहकाची? मग श्रेय जिन्याला कसे द्यायचे? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली! चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होता, असे त्यांना आढळले आणि १९५६ साली त्यांनी ते प्रामाणिकपणे प्रसिद्धही केले. स्वतःच्याच निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली होती. नंतर अधिक बारकाईने अभ्यास केल्यावर असे दिसले की सडपातळ, मध्यम व स्थूल या तिन्ही गटांत वाहक हे चालकांपेक्षा अधिक सुरक्षित होते. म्हणजे जिन्याचा वाटा खरा होता. विज्ञानात उत्तर मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते उत्तर पुन्हा पुन्हा ठोकून पाहणेही महत्त्वाचे, हा या गोष्टीतला दुसरा धडा.

आता उलट दिशेचा प्रयोग पाहा. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. जास्तीत जास्त श्रम करताना शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे क्षमतेचे माप मानतात. तीन आठवड्यांत ते सुमारे २७ टक्क्यांनी घटले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेली घट दहा-बारा टक्केच होती! तीन आठवड्यांच्या निजण्याने तरुण शरीराचे जे नुकसान केले तेवढे तीस वर्षांच्या काळालाही जमले नाही. मग या पन्नाशीतल्या गृहस्थांना सहा महिने व्यायाम देण्यात आला. सुरुवात अगदी थोड्यापासून केली आणि आठवड्याला सुमारे साडेचार तासांपर्यंत बेताबेताने वाढ केली. सहा महिन्यांनी त्यांची ही क्षमता विसाव्या वर्षी होती तेथपर्यंत परत आली.

वासराची गोष्ट आणि तिच्यातली चूक

या प्रयोगातील 'बेताबेताने' हा शब्द अधोरेखित करा. प्राचीन काळी क्रोटन या ग्रीक वसाहतीत मायलो नावाचा नामांकित मल्ल होऊन गेला. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर उचलून चाले. वासरू वाढत गेले, मायलोची ताकदही वाढत गेली आणि एके दिवशी तो अख्खा बैल उचलू लागला! दंतकथाच ही, पण तिच्यात निम्मे विज्ञान आहे. भार रोज किंचित वाढला तर शरीर त्याच्याशी जुळवून घेते, हा निम्मा भाग खरा.

उरलेला निम्मा भाग गणिताने तपासू. समजा तुम्ही १० सूर्यनमस्कारांनी सुरुवात केली आणि दर आठवड्याला १० टक्के वाढ केली. चक्रवाढीच्या सूत्राने २४ आठवड्यांनी तुम्ही ९८ नमस्कार घालाल. छान! पण हाच क्रम ५२ आठवडे चालू ठेवला तर उत्तर येते सुमारे १,४२०. शाळा केव्हा करणार आणि जेवणार केव्हा? शरीराची वाढ चक्रवाढ व्याजासारखी होत नाही. तिचा आलेख प्रथम भरभर चढतो, मग हळूहळू आडवा होत जातो. म्हणजेच सर्वांत मोठा लाभ मिळतो तो काहीच न करणाऱ्याने थोडेसे सुरू केल्यावर. दिवसाला दहा हजार पावले चालावीत, असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका उपकरणामुळे. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. पुढील संशोधनात असे दिसले की लाभ त्याच्या पुष्कळ आधीपासून सुरू होतो. तेव्हा दहा हजार जमत नाहीत म्हणून तीन हजारही सोडून देणे, हा शहाणपणा नव्हे.

घाई का करू नये, याला आणखी एक कारण आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावामुळे. स्नायू त्यानंतर वाढतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध आणि हाडे यांना तर कित्येक महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून एकदम अंतर दुप्पट केले की मागे राहिलेला भाग दुखावतो. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते स्नायूंत आम्ल साचून राहिल्यामुळे, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. ते द्रव्य तासा-दोन तासांत निघून जाते. दुखणे असते ते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे आणि तिच्या दुरुस्तीचे. सौम्य दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात टोचणारे किंवा वाढत जाणारे दुखणे मात्र थांबण्याची सूचना समजावी.

महाराष्ट्रात सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही आधी सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढे नमस्कार स्वीकारले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. आपल्या विदर्भातले उदाहरण हवे असेल तर पवनारचे विनोबा भावे. १९५१ साली वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर ते भूदानासाठी पायी निघाले आणि देशभर फिरून १९६४ साली पवनारला परतले. प्रकृतीने ते मुळीच धट्टेकट्टे नव्हते. पण पहाटे उठून ठरलेली मजल गाठायची हा नेम तेरा वर्षे चालला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. व्यायामाला महागडी साधनेच लागतात असे नाही, हे सांगायला आपल्याला दूर जायला नको.

उन्हाळा आणि घाम

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी व्यायामाचे वेळापत्रक बनवताना उष्णतेचे गणित विसरून चालत नाही. ४० किलोचा मुलगा बेताच्या वेगाने पळत असेल तर त्याच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे ४०० जूल ऊर्जा खर्च होते आणि त्यांपैकी सुमारे ३०० जूल उष्णता बनते. शरीराच्या १ किलोचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ३,५०० जूल लागतात. ४० किलोला १,४०,००० जूल. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर आठ मिनिटांत अंगाचे तापमान १ अंशाने वाढेल.

ती बाहेर काढतो घाम. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. ३०० वॅट उष्णता बाहेर टाकायला तासाला सुमारे ४५० ग्रॅम घाम वाळायला हवा, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणी. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४४ अंशांवर असेल तर उष्णता हवेकडून आपल्याकडे वाहू लागते आणि सारा भार घामावर पडतो. जुलैत तापमान कमी असले तरी हवा दमट असते; तेव्हा घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम थंडावा देत नाही. म्हणून उन्हाळ्यात व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास उरकावा, आधी व नंतर पाणी प्यावे. उन्हाची सवय व्हायलाही शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे यांपैकी काही जाणवले तर तत्काळ थांबून सावलीत जावे आणि मोठ्या माणसाला सांगावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आईला किंवा निंदण करून आलेल्या मोठ्या बहिणीला 'तू व्यायाम कर' असा उपदेश करू नका. तिच्या यंत्राला काम कमी पडलेले नाही. तिला हवी आहे पुरेशी झोप, पोटभर भाकरी-वरण, आणि संध्याकाळचे पाणी दुसऱ्या कोणीतरी भरणे. ते तुम्ही भरलेत तर तुमचा व्यायाम झाला आणि तिची विश्रांती झाली. बांधणी होते ती विश्रांतीत, हे आपण वर पाहिलेच. तुमच्या वयाच्या मुलामुलींनाही रात्री आठ ते दहा तास झोप लागते. मोबाइलने चोरलेला तास व्यायामाच्या खात्यातूनच वजा होतो.

सत्तर दिवसांचा प्रयोग

आता हे सारे स्वतःवर पडताळून पाहू. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एखादी नवी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. काहींना १८ दिवस पुरले, काहींना कितीतरी अधिक. मधला आकडा ६६ दिवसांचा आला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणून आपण प्रयोगाची मुदत ७० दिवस, म्हणजे दहा आठवडे ठेवू.

१. पहिल्या सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरील नाडी ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. मोजणीत एका ठोक्याची चूक झाली तर ती गुणाकाराने चार ठोक्यांची होते. तीन सकाळी मोजून सरासरी घ्या.

२. त्याच दिवशी सायंकाळी भक्कम पायरीवर तीन मिनिटे चढउतर करा, मिनिटाला २४ वेळा. थांबल्याबरोबर बसा. बरोबर एक मिनिट झाल्यावर पुढील ३० सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. हा 'सावरण्याचा आकडा'.

३. पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे भरभर चाला. भरभर म्हणजे मिनिटाला सुमारे १०० पावले. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. अंकगणिती श्रेढीने दहाव्या आठवड्यात तुम्ही ६० मिनिटांवर याल. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे. चालण्याऐवजी कबड्डी, खोखो, दोरीवरच्या उड्या, सायकल, नमस्कार काहीही चालेल.

४. वेळ ठरलेल्या गोष्टीला बांधून टाका. 'उद्यापासून पळेन' यापेक्षा 'दात घासले की निघेन' हा निश्चय टिकतो. सोबती मिळाला तर उत्तमच. एकट्याचा आळस दोघांत अर्धा होतो.

५. दर रविवारी दोन्ही नाड्या मोजून वहीत आलेख काढा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर ठोके.

ज्यांना हृदयाचा त्रास, दमा किंवा दुसरा एखादा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आलेखातले बिंदू सरळ रेषेत येणार नाहीत. ताप आला, जागरण झाले, परीक्षा आली की नाडी वर जाईल. एखाद्या बिंदूकडे न पाहता दहा बिंदूंचा कल कोणीकडे आहे ते पाहा. बहुतेकांचा सावरण्याचा आकडा आधी उतरू लागेल, सकाळची नाडी त्यामागून. वजन मात्र कदाचित जागच्या जागी राहील. पण आपण मोजायला निघालो होतो ते वजन नव्हे, यंत्राची सुधारणा. शिवाय आलेखात न उमटणाऱ्या काही गोष्टीही लक्षात ठेवून नोंदवा. झोप कशी लागली, वर्गात पेंग आली का, संध्याकाळी मन कसे होते. प्रयोगवहीत निरीक्षणाचा रकाना असतो तो यासाठीच.

करून पाहा, विचार करा

(अ) तुमच्या शाळेच्या जिन्याची उंची मोजून वर्गातील प्रत्येकाची शक्ती वॅटमध्ये काढा. सर्वांत वेगाने चढणाराच सर्वांत शक्तिमान ठरतो का? का नाही?

(आ) पाय हा कमरेला टांगलेला लंबक मानला, तर आजोबांची आणि तुमची सोयीची पावले मिनिटाला किती पडतील? पायाची लांबी मोजा, अंदाज बांधा, मग प्रत्यक्ष मोजून पाहा.

(इ) मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली नसती, तर त्यांच्या निष्कर्षावर तुम्ही कोणता आक्षेप घेतला असता?

(ई) घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा की ते तुमच्या वयाचे असताना रोज किती चालत. त्यांचे आणि तुमचे दिवसाचे अंतर शेजारीशेजारी लिहा. आलेली वजाबाकी पाहा, आणि उद्या सकाळी दात घासून झाले की पायांत चपला घाला.